भिवंडीच्या वाटा आणि वाहनाची पारख

दक्षिणेस उल्हासची खाडी, गावाच्या अंगावरून वाहत येऊन तिला मिळणारी कामवारी नदी, उत्तरेस वाडा-वज्रेश्वरीकडचा रानवट टापू आणि पूर्वेस शहापूर ओलांडून थळ घाटाला भिडणारा मुलूख, अशा चतुःसीमेत वसलेल्या भिवंडीचा इतिहास बहुधा माग, गिरण्या आणि गोदामे यांच्या अनुषंगाने सांगितला जातो, आणि तो तसा सांगणे अयोग्यही नाही. परंतु या कसब्याने शतकानुशतके जी एक विद्या अखंड जोपासली, ती वाट पाहून वाहन निवडण्याची विद्या मात्र उपेक्षितच राहिली. हल्ली या भागातील अनेक तरुणांना डांबरी रस्ता सोडून आडवाटेने गाडी हाकण्याचा छंद जडला आहे, आणि त्यांपैकी ज्यांना मोटारीऐवजी पिकअप घ्यावीशी वाटते, त्यांच्यापुढे कोणती घ्यावी, किती लांबीची घ्यावी, चारही चाकांना जोर देणारी घ्यावी की मागच्या दोनांनाच, असे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न त्यांना सर्वस्वी नवे वाटतात. वास्तविक याच मातीत ते प्रश्न खाडीतल्या नावाड्याने, तांड्याच्या नायकाने, गाडीवानाने आणि मालवाहतूकदाराने आपापल्या काळी सोडविलेले आहेत, आणि त्या सर्वांच्या उत्तरांत एक क्रम सारखाच दिसतो: आधी वाट, मग ओझे, त्यानंतर दुरुस्तीची सोय, आणि शक्तीचा विचार सर्वांच्या शेवटी.

शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण आणि भिवंडी ही दोन्ही ठाणी हस्तगत केली आणि कल्याण-भिवंडीच्या खाडीत गलबते बांधावयास प्रारंभ केला, ही घटना मराठी आरमाराच्या आरंभाची म्हणून सर्वश्रुत आहे. आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, त्या काळी भिवंडीचा बंदर या नात्याने असलेला लौकिक हा दोन भिन्न वाहतुकींच्या संधीवर उभा होता. खाडीतून मचवे येत, आणि मचव्यांनी उतरविलेला माल घाटावर चढविण्यासाठी बैलांचे तांडे सज्ज असत. देशावरचे धान्य खाली येई, मिठागरांतील मीठ वर जाई, आणि मधल्या चौक्यांवर जकात चुकती करून लमाण व वंजारी आपली जनावरे हाकीत. चाकाचे वाहन त्या घाटवाटांना निरुपयोगी होते. तीन मणांच्या आसपास ओझे पाठीवर घेणारा, एकामागे एक चालणारा, दगडावर खूर रोवून चढणारा बैल हेच त्या वाटेचे उचित वाहन होते, आणि तांड्याच्या नायकाची प्रतिष्ठा बैलांच्या संख्येइतकीच, कोणता बैल कोणत्या चढाला पुढे घालावा या त्याच्या जाणतेपणावर अवलंबून असे. वाटेने वाहन ठरविले, वाहनाने ओझे ठरविले, आणि ओझ्याने व्यापाराचे मान ठरविले.

खाली, घाटाच्या पायथ्याच्या प्रदेशात, बैलगाडीचे राज्य होते. आणि येथेच पारख या कलेला खरा बहर आला. एकोणिसाव्या शतकातील भिवंडीचा व्यापार मुख्यतः भात, सुकी मासळी, कापड, गवत आणि लाकूड या जिनसांचा होता. यांतील पहिल्या आणि शेवटच्या दोन जिनसा खाचरांतून आणि रानांतून आणावयाच्या, म्हणजे पक्क्या सडकेपर्यंत पोचण्याआधी त्यांना कच्च्या वाटेचा मोठा पल्ला तोडावा लागे. या टापूत पाऊस वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत खाचरांची माती चाकाला अशी चिकटते की, आऱ्यांमधील पोकळी भरून चाकाचा एक सलग गोळा होतो. अशा वाटेवर देशावरचा खिलार बैल, ज्याची चाल डौलदार, वेग अप्रतिम आणि शिंगांची ठेवण पाहणाऱ्याचे चित्त हरण करणारी, तो हतबल ठरे. आणि इगतपुरी-अकोल्याच्या डोंगरांतला डांगी बैल, जो दिसण्यात बेताचा आणि चालीने मंद, तो सरस ठरे. याचे कारण जनावरांच्या जाणकारांना पक्के ठाऊक होते. डांगीच्या कातड्यातून एक तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे संततधार पावसाचे पाणी अंगावर मुरत नाही. आणि त्याचे काळे खूर इतके कठीण असतात की, सतत ओल्या खाचरात व घाटातील दगडांवर राबूनही ते सडत वा उकलत नाहीत.

या पारखीची विद्यापीठे म्हणजे गुरांचे बाजार होत. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून भरणारी म्हसोबाची जत्रा, आणि मुंबई-आग्रा रस्त्याने घाट चढून गेल्यावर लागणारा घोटीचा बाजार, ही ठिकाणे या मुलखातील शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाची. गिऱ्हाईक प्रथम बैलाच्या तोंडाशी जाई, ओठ वर सारून दात पाही, बैल दोनदाती, चारदाती की जुळलेला हे निश्चित करी. मग एकेक पाय उचलून खुरांमधील फट बोटाने चाचपून पाही. मग खांद्यावरून तळहात फिरवून जुवाचा घट्टा पडला आहे की जुनी जखम केसांखाली दडली आहे याचा शोध घेई. यानंतर दलाल आणि गिऱ्हाईक यांचे हात एका रुमालाखाली जात आणि बोटांच्या खुणांनी किंमत ठरे, तरी व्यवहार तेवढ्याने पुरा होत नसे. शहाणा शेतकरी बैलाला गाडीला वा नांगराला जुंपून, ओझ्यासह चालवून पाहिल्याखेरीज विसार देत नसे. वाहन रिकामे असताना जे दिसते ते त्याचे खरे स्वरूप नव्हे, हा सिद्धांत या बाजारांनी आपल्या लोकांच्या अंगी मुरविला.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली, दुसऱ्याच वर्षी ती कल्याणास पोचली आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत गेली. या लोहमार्गाने कल्याणाचे भाग्य पालटले. भिवंडी मात्र खाडीच्या पलीकडे, रुळांपासून दूर राहिली. हा आघात लहान नव्हता, कारण घाटमाथ्याचा माल आता परस्पर मुंबईस जाऊ लागला आणि तांड्यांचा रोजगार बुडाला. परंतु याच वंचनेतून भिवंडीचे पुढील वैशिष्ट्य जन्मास आले: हा कसबा सडकेचा राहिला. एकोणिसाव्या शतकात पक्का झालेला मुंबई-आग्रा रस्ता, जो पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला गेला, तो भिवंडीच्या सीमेतूनच नाशिककडे जातो; आणि दिवा-वसई लोहमार्गावर भिवंडी रोड हे स्थानक होईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, या गावाला आपल्या सर्व मालासाठी गाडीवाटेचाच आश्रय होता. ज्या गावाला आगगाडी नाही, त्या गावातील माणसे चाकाकडे अधिक चिकित्सक दृष्टीने पाहू लागतात, यात नवल नाही.

दुसऱ्या महायुद्धाने जगाला जीप दिली. अमेरिकी सैन्याच्या दप्तरी तिची नोंद पाव टनाचा, चारही चाकांनी चालणारा ट्रक अशी होती. म्हणजे जिला आपण आज साहसी प्रवासाची गाडी समजतो, ती जन्मतः मालवाहू होती, आणि तिच्यासाठी ठरविलेले पाचशे पौंडांचे ओझे हे लमाणाच्या दोन बैलांच्या ओझ्याहून फारसे निराळे नव्हते. १९४५ साली लुधियाना येथे महिंद्र अँड महंमद ही पेढी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद हे पाकिस्तानचे अर्थमंत्री होऊन गेले आणि १९४८ साली पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. या पेढीने मुंबईत माझगाव येथे विलीस जीपचे सुटे भाग आणवून त्यांची जुळणी सुरू केली. पुढे या जीपमध्ये ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या वंशातील डिझेल इंजिन बसले, त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने तयार होणारे इंजिन आले, आणि इंजिनांचा कारखाना उभा राहिला तो इगतपुरीस. ज्या घाटमाथ्यावरून डांगी बैल खाली येत, त्याच घाटमाथ्यावरून या गाड्यांची इंजिने येऊ लागली, हा योगायोग भूगोलाच्या सामर्थ्याची साक्ष देणारा आहे.

जीपच्या रचनेतील दोन गोष्टी येथे नीट समजून घेतल्या पाहिजेत, कारण पुढील सर्व निवडीचा पाया त्यांत आहे. पहिली गोष्ट म्हणजे तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर केवळ ८० इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर होते. त्यामुळे खाचराचा बांध ओलांडताना पुढची चाके पलीकडे उतरत तोवर मागची चाके चढू लागत, आणि पोट बांधावर टेकत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे गिअरपेटीच्या मागे जोडलेली दुसरी लहान पेटी, जिचा दांडा 'लो'वर ओढताच गाडीचा वेग घटे आणि चाकांवरचा पीळ सुमारे अडीचपट होई. इंजिनाची शक्ती त्याने वाढत नसे. तीच शक्ती सावकाश, सलग आणि चिखल न उधळता जमिनीला लागे. डांगी बैलाच्या मंद चालीत जे रहस्य होते, तेच या दांड्यात होते.

स्वातंत्र्योत्तर काळात भिवंडीच्या गल्ल्यांतून धावली ती मात्र निराळी वाहने. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी हँबुर्गच्या कंपनीशी सहकार्य करून तीनचाकी टेम्पोचे उत्पादन सुरू केले. १९६९ साली मॅटाडोर आली. सूत, बीम आणि कापडाचे तागे या कारखान्यातून त्या कारखान्यात नेण्यास अरुंद बोळांत शिरणारा टेम्पो सर्वथा अनुरूप होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्यांची धोटी थांबली आणि कापडाचे उत्पादन अधिकाधिक भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. माल वाढला तशी वाहनेही बदलली. १९८८ साली टेल्कोने पुण्याहून टाटामोबाइल बाजारात आणली, महिंद्रच्या जीपवंशातील लांब चासीच्या पिकअप होत्याच, आणि २००० सालानंतर बोलेरो पिकअपने या मुलखाचे रस्ते व्यापले. २००५ च्या मे महिन्यात टाटा एस आली. तिला लोकांनी छोटा हत्ती म्हटले आणि बोळांतील टेम्पोची जागा तिने घेतली. दरम्यान मुंबईच्या जकात हद्दीबाहेर माल साठविण्याच्या सोयीने माणकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ या गावांच्या भातखाचरांवर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपुष्टात आली, तरी गोदामे हटली नाहीत.

गोदामाचा धंदा वाढला तेव्हा कित्येक गोदामांपर्यंत पक्का रस्ता नव्हता. भराव टाकून उंच केलेली जमीन, तिच्याकडे जाणारी मुरमाची निसरडी उतरण, आणि मधे पावसात नाहीसा होणारा नाला, अशा ठिकाणी मोठा ट्रक सडकेवर उभा करून माल पिकअपमध्ये उतरवून घेण्याची वहिवाट पडली. या पिकअपचालकांनी जो अनुभव संपादन केला, तो कोणत्याही हौशी मंडळाच्या शिकवणुकीपेक्षा कमी मोलाचा नाही. रिकामी पिकअप चिखलात लवकर फसते, कारण वजन सारे पुढे इंजिनावर आणि जोर मात्र मागच्या चाकांना. म्हणून पावसाळ्यात रिकाम्या हौद्यात, थेट मागच्या आसावर येतील अशा बेताने, रेतीच्या गोण्या टाकाव्यात. मागचे पाटे दीड टन तोलण्यासाठी घडविलेले असतात; ओझ्यावाचून ते वाकतच नाहीत, आणि खडबडीत वाटेवर चाक जमीन सोडून उसळते. हे ज्ञान त्यांना तांत्रिक ग्रंथांतून मिळाले नव्हते. ते रोजच्या खेपांतून मिळाले.

हौशी माणसाच्या पिकअपचा इतिहास आपल्याकडे अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेत फोर्डने १९२५ सालीच मॉडेल टी गाडीला मागे हौदा जोडून विकावयास आरंभ केला होता, आणि जपानमध्ये १९६८ पासून टोयोटाची हायलक्स तयार होऊ लागली. परंतु भारतात पिकअप म्हणजे पिवळ्या पाटीची, परवान्याची, पोटापाण्याची गाडी, हीच धारणा दीर्घकाळ राहिली. २००७ साली स्कॉर्पिओ गेटअवे, त्यानंतर टाटा झेनॉन, २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली हायलक्स, अशा क्रमाने चार दारांची, आरामशीर आसनांची, चारही चाकांना जोर देणारी पिकअप आपल्या बाजारात आली. त्याआधीच जीपवाल्यांचे मेळावे सह्याद्रीत रुजले होते, आणि इगतपुरीजवळ महिंद्र कंपनीने आडवाटेवर गाडी चालविण्याच्या प्रशिक्षणाचे केंद्रही उघडले. भिवंडीहून निघालेला हौशी माणूस तासा-दोन तासांत तेथे पोचतो. त्यामुळे घ्यावयाच्या गाडीची परीक्षा पाहण्यास याहून सोईचे स्थान दुर्मीळ.

आता निवडीचा प्रश्न. व्ही-क्रॉसच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर ३,०९५ मिलिमीटर आणि हायलक्सचे ३,०८५ मिलिमीटर आहे. जुन्या जीपहून ते एक मीटरने अधिक. हे एक मीटर सडकेवर मोठे सुखाचे, कारण लांब गाडी स्थिर चालते आणि पाठीमागे प्रशस्त हौदा मिळतो. परंतु खाचराच्या बांधावर त्याच एका मीटरमुळे गाडीचे पोट टेकते, आणि वज्रेश्वरी-अकलोलीकडच्या रानवाटेवर, जेथे वळण अरुंद आणि एका बाजूस ओहोळ, तेथे सव्वापाच मीटर लांबीची गाडी एका दमात वळत नाही. 'लो'चे प्रमाण मात्र आजच्या पिकअपमध्येही अडीचच्याच आसपास आहे. ऐंशी वर्षांपूर्वी जे प्रमाण योग्य ठरले, त्यात फेरफार करण्याची गरज अभियंत्यांना भासली नाही. हायलक्स ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते असे तिचे निर्माते सांगतात. तानसा-वैतरणेच्या फरशीपुलांवर पुराचे पाणी असताना मात्र या आकड्याचा आधार कोणी घेऊ नये, कारण तो उभ्या पाण्याचा आहे, आणि वाहते पाणी गाडीला उचलून नेते.

दुरुस्तीचा विचार तर मी शक्तीच्या कितीतरी आधी करीन. वाडा रस्त्यावरील एका गॅरेजात जुनी बोलेरो कँपर विकत घेण्याआधी कारागिराने ती कशी तपासली, ते मी जवळून पाहिले आहे. त्याने बॉनेट उघडलेच नाही. तो प्रथम गाडीखाली शिरला, पाट्यांच्या यू-बोल्टांवर हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकला, मुख्य पाट्याच्या डोळ्यातील बुश अंगठ्याने दाबून पाहिला, मग चासीच्या आडव्या पट्टीवरून, जेथे दगड लागून खोक पडते, तेथे बोट फिरविले आणि ताज्या रंगाखाली जुना झाळ आहे हे एका क्षणात सांगितले. म्हशाच्या बाजारात खांद्यावरून फिरणारा तळहात आणि हे बोट यांत मला तिळमात्र अंतर दिसले नाही. जे वाहन रानात मोडेल, ते जवळच्या गावात दुरुस्त झाले पाहिजे. त्याचा पाटा पडघ्यास वा शहापुरास मिळाला पाहिजे, आणि त्याच्या अंतरंगाची ओळख असलेला माणूस पंचक्रोशीत असला पाहिजे. या कसोटीवर गाजलेल्या परदेशी पिकअपपेक्षा, चारही चाकांना जोर देणारी साधी बोलेरो कँपर अनेकदा श्रेष्ठ ठरेल, हे मत मी जाणीवपूर्वक नोंदवितो. ज्याला चार माणसे, तंबू, पाणी आणि आठवड्याची बेगमी घेऊन लांब, मोकळ्या मुलखात जावयाचे आहे, त्याने व्ही-क्रॉस वा हायलक्स घ्यावी, तो पैसा वाया जाणार नाही. ज्याला एकट्या-दुकट्याने बांध आणि ओहोळ ओलांडावयाचे आहेत, त्याने हौद्याचा मोह सोडून आखूड जीपच घ्यावी.

या विद्येचे एक अंग अजून सांगावयाचे राहिले, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तांडा असो वा बैलगाडी, तिची वाट ही गावाच्या संमतीची वाट असे. पेरलेल्या खाचरातून गाडी घालणारा गाडीवान गावात तोंड दाखवू शकत नसे, आणि बांध फोडणे हा तंट्याचा, प्रसंगी मामलेदार कचेरीपर्यंत जाणारा विषय होता. आजच्या पिकअपचे वजन दोन टनांच्या घरात जाते. तिच्या चाकांनी पडलेली खोल चाकोरी पुढच्या पावसात ओघळ होते, आणि त्या ओघळाने कोणा कुळाच्या भाताची माती वाहून जाते. तुंगारेश्वर आणि तानसा यांचे रान अभयारण्य म्हणून राखले आहे. तेथे वन खात्याच्या परवानगीवाचून चाक घालणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय या मुलखाशी केलेली कृतघ्नताही आहे. चिखल उधळीत जाणारी गाडी प्रेक्षणीय दिसते खरी; परंतु जुन्या जाणत्यांच्या लेखी उधळलेला चिखल हा वाया गेलेला जोर आणि बिघडलेली वाट, या दोन दोषांचा पुरावा होता. उत्तम चालक तो, ज्याच्या मागून येणाऱ्या गाडीला वाट पहिल्यासारखीच सापडते.

तेव्हा ज्याला पिकअप घ्यावयाची हौस आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. ही हौस या मातीला परकी नाही. मात्र दुकानातील चकचकीत फरशीवर, उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशी, अश्वशक्तीचा आकडा ऐकून तिचा विसार देऊ नये. आषाढ लागू द्यावा, हौद्यात आपल्या नित्याच्या सामानाइतके ओझे घालावे, जिथे जाण्याची खरोखर इच्छा आणि मुभा आहे अशा ओल्या वाटेवर ती 'लो'मध्ये चालवून पाहावी, आणि चारचौघांत नाव असलेल्या कारागिराला सोबत न्यावे. म्हशाच्या बाजारातून बैल घेणारा भिवंडीचा शेतकरी असाच वागत आला, आणि त्याची निवड सहसा चुकत नसे.